बाईंचा बसलेला आवाज

चौथीच्या नव्या बाई पहिल्याच दिवशी चाट पडल्या. वर्ग जिला रेडिओ म्हणायचा त्या चिमुरडीने उभं राहून अख्खा धडा घडाघडा वाचला, कुठे अडखळणं नाही की श्वास घेणं नाही. पण बाईंचा निम्मा जन्म लोकांच्या खोड्या काढण्यात गेलेला, दुसऱ्याच्या खोडीचा वास त्यांना लांबूनच यायचा. त्या हळूच जवळ गेल्या आणि पुस्तकावर पंजा ठेवला. रेडिओ चालूच.

"अगं, अक्षरं माझ्या हाताखाली आहेत."

"असू देत की बाई. दमला असाल तर ठेवा."

एकतीस पोरांत वाचता येत होतं तिघांना. बाकीच्यांचे कान तेवढे तयार. घरात छापील कागद यायचा तो शेंगदाण्याच्या पुडीचा. आया लोकांची भांडी घासायला, बाप ओझी उचलायला, शिकवणार कोण? पोरं एकदा ऐकून धडा पाठ करत होती, आणि बाईंना त्याचं मनापासून कौतुक वाटलं. पण दोन महिन्यांनी तपासणीला साहेब येणार होते, प्रत्येकासाठी वेगळं, कुणी न पाहिलेलं पान घेऊन. सोळा जणांनी आपापलं पान वाचलं नाही तर चौथी बंद आणि पोरं हमरस्त्यापलीकडच्या शाळेत. रेडिओच्या आईने आधीच सांगून टाकलं होतं, "त्या ट्रकांतून मी पोर धाडायची नाही. माझ्यासोबत भांड्यांना येईल."

सोमवारी बाई भर उन्हात गळ्याला मफलर गुंडाळून आल्या आणि फळ्यावर लिहिलं, 'आवाज बसलाय. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय.' वाचणाऱ्या तिघांनी बातमी फोडली. झालं, वर्गातलं ऐकायचं दुकानच बंद. मग निघाल्या चिठ्ठ्या. 'हे वाचेल त्याने मैदानात पळावं.' तिघं पळाले, अठ्ठावीस जण तोंडं बघत बसले.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी त्या तिघांना आपलं तोंड नेमलं. त्यांनी एकेका अक्षराचा उच्चार सांगायचा, शब्द मात्र ज्याची चिठ्ठी त्याने जुळवायचा. चिठ्ठ्याही बाईंसारख्याच वात्रट. 'हेडसरांच्या चष्म्याला दोरा आहे. त्याच्या गाठी मोजा.' मधल्या सुट्टीत डझनभर पोरं हेडसरांच्या कानाशी डोकावायला लागली. बिचारे हेडसर बाईंना गुळण्यांसाठी रोज कोमट पाणी पाठवत होते. बाई मुकाट गुळण्या करत होत्या.

सगळ्यात मागे पडली रेडिओ. कानांच्या जोरावर राज्य केलेली पोरगी, अक्षरं जुळवताना रडकुंडीला यायची. दोन चिठ्ठ्या तिने फाडल्या. बाईंनी तिसरी दिली.

सहाव्या आठवड्यात तिने बाईंच्या टेबलावर एक कागद सरकवला. अक्षरं वाकडीतिकडी. 'तुम्ही भाजीवालीशी भांडत होता. आवाज चांगला मोठा होता.'

बाईंना मफलरच्या आत घाम फुटला. त्यांनी खाली लिहिलं, 'कधी ऐकलंस?'

रेडिओने बोट लावून वाचलं. लिहिलं, 'दोन आठवडे झाले.'

'मग आत्ता का सांगतेस?'

ती बराच वेळ पेन्सिल चावत लिहीत राहिली. 'तोंडाने सांगितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. लिहायला दोन आठवडे लागले.'

बाईंनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, पगाराच्या पाकिटाशेजारी.

साहेब आले. दुपारपर्यंत पंधरा जणांनी आपापलं पान वाचलं, बाकीचे गळपटले. उरली एकटी रेडिओ. बाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या, मफलरची टोकं मुठीत. रेडिओने बोट टेकवलं. घडाघडा वगैरे काही नाही, खडीच्या रस्त्यावरून बैलगाडी जावी तशी एकेका शब्दावरून ती चालली होती. पंख्याने पान उडायला लागलं म्हणून साहेबांनी त्यावर पंजा ठेवला.

रेडिओ थांबली.

"साहेब, हात काढा. मला दिसत नाही."

मागून बाई खो खो हसल्या, चांगल्या खणखणीत आवाजात. तीस माना वळल्या, हेडसरांचा चष्मा दोऱ्यावर लोंबकळला. रेडिओने मात्र मान वर केली नाही. तिचं अजून अर्धं पान राहिलं होतं.