पापणी कोण?

सासऱ्यांविरुद्ध मत द्यायचं, तेही त्यांच्याच घरात बसून आणि सगळ्या मंडळींच्या देखत! सुनेला सकाळपासून धीर होत नव्हता. नवरा कामासाठी परगावी गेलेला. "तुम्ही दोघं बघून घ्या," असं फोनवर सांगून तो मोकळा झाला होता. नवऱ्यांना हे बरं जमतं.

भांडण होतं एका सॉफ्टवेअरवरून. ज्यांचे हात गेले, वाचा गेली, त्यांना नुसती पापणी मिटून पडद्यावरची अक्षरं निवडता यावीत, असा तो प्रोग्रॅम. सासऱ्यांनी तो आजारी बायकोसाठी लिहिला. ती गेल्यावर त्यांनी तो सगळ्यांसाठी खुला केला. कुणीही फुकट वापरावा, कुणीही सुधारावा. ठिकठिकाणची मंडळी मदतीला येत गेली. सूनही त्यातलीच एक. या घरात ती आली तीच मुळी या प्रोग्रॅमच्या वाटेने. सासूबाईंना तिने फक्त फोटोत पाहिलं होतं.

आता एवढे हात एका कोडवर पडणार म्हटल्यावर कोणता बदल कुणी केला, कशासाठी केला, याची नोंद ठेवणारी व्यवस्था लागते. सासऱ्यांची व्यवस्था जुन्या वळणाची. सगळा इतिहास मागच्या खोलीतल्या एकाच सर्व्हरवर, बाकीच्यांच्या हाती फक्त कोडचं आजचं रूप. जुन्या नोंदी नुसत्या वाचायची मुभासुद्धा त्यांनी कुणाला दिली नव्हती. "काय करायच्यात तुम्हाला जुन्या नोंदी? लोणचं घालायचंय?" असं म्हणून ते विषय उडवून लावत. सुनेला हवी होती नवी व्यवस्था, जिच्यात प्रत्येकाच्या संगणकावर पहिल्या दिवसापासूनचा अख्खा इतिहास राहतो. त्यावर आज दुपारी मतदान होतं.

मंडळी आपापल्या घरून कॅमेऱ्यासमोर जमायला लागली तेव्हा एक केबल आणायला ती मागच्या खोलीत गेली आणि दारातच थबकली. सर्व्हरमधून आवाज येत होता. टक, टक, मग थोडं थांबून पुन्हा टक.

"बाबा, ही डिस्क कधीपासून वाजतेय?"

"वाजू दे की," सासरे मागून आले. "माझे गुडघेपण वाजतात हल्ली."

"बॅकअप आहे ना?"

"दर रविवारी घेतो, न चुकता. तुम्हा पोरांसारखा बेफिकीर नाही मी." त्यांनी कपाटातून छोटी डिस्क काढून ऐटीत तिच्या हातावर ठेवली.

तिने ती जोडली, आतलं एकेक फोल्डर उघडून पाहिलं. सासऱ्यांनी दर रविवारी इमानेइतबारे उतरवून घेतलं होतं ते कोडचं आजचं रूप. तेवढं तर सगळ्या मंडळींकडे होतंच. इतिहास सर्व्हरवर वेगळ्या जागी होता, त्याला त्यांनी एकदाही हात लावला नव्हता. रोज ज्यात काम करतो ते फोल्डर म्हणजेच सगळं, असं धरून चाललेलं जुनं खोडच अशी चूक करू जाणे. ती रागावून बोलणार होती, पण त्यांचा चेहरा पाहून गप्प बसली. त्यांनाही कळलं होतं.

"म्हणजे तिचं..." ते पुटपुटले आणि खुर्चीत बसले.

"कुणाचं?"

डिस्क पुन्हा टकटकली.

"यंत्र बंद करून दुरुस्तीला नेऊ या का?" त्यांनी विचारलं.

"बंद केलं तर परत सुरू होईल याची खात्री नाही. चालू आहे तोवर इतिहास ओढून घ्यायला हवा. नव्या व्यवस्थेत. माझी तयारी आहे."

ज्या माणसाने इतके दिवस नव्या व्यवस्थेचं नाव काढू दिलं नव्हतं, तो म्हणाला, "कर. लवकर कर."

तिने काम सुरू केलं. नोंदी पहिल्यापासून, एकामागून एक यायला लागल्या. पलीकडे लॅपटॉपवर मंडळी ताटकळली होती. त्यांच्यातला दाढीवाला, जो बैठका चालवायचा, तो म्हणाला, "काका, घ्यायचं का मतदान?"

"थांबा जरा!" सासरे खेकसले.

आणि काम अडलं. पडद्यावर ओळ आली: 'पापणी' या नावाने नोंद करणाऱ्या व्यक्तीची ओळख यादीत नाही.

ही यादी सुनेनेच मंडळींना विचारून केली होती. जुन्या व्यवस्थेत कुणी कोणतं टोपणनाव घेतलं होतं, त्याचं खरं नाव काय, ईमेल काय. त्यात पापणी नव्हती, आणि ओळख सांगितल्याशिवाय काम पुढे सरकणार नव्हतं. टकटक आता भराभर होत होती.

"बाबा, पापणी कोण?"

सासरे पडद्याकडे बघत राहिले.

"वेळ नाही हो! 'अनोळखी' असं टाकून पुढे जाऊ?"

"खबरदार!"

त्यांनी तिच्यावर आजवर कधी आवाज चढवला नव्हता. ती दचकली. मग ते खाली बघत म्हणाले, "तुझी सासू आहे ती."

"पण त्या तर अंथरुणाला..."

"छापखान्यात मुद्रितं तपासायची ती. चूक दिसली की तिला गप्प बसवायचं नाही. हात गेले, वाचा गेली, ती खोड नाही गेली. माझाच प्रोग्रॅम वापरून, पापणीने एकेक अक्षर निवडून, माझ्याच चुका दुरुस्त करायची. वर नोंदीत मला टोमणे."

"मग सांगितलं का नाहीत कुणाला?"

"काय सांगू? आमचं नवरा-बायकोचं बोलणं होतं ते. दुसरीकडे कुठे बोलणार होतो आम्ही? ते काय चव्हाट्यावर मांडू?"

सुनेला भरून आलं, आणि रागही आला. ती म्हणाली, "एकाच घरात कोंडून ठेवलंत, म्हणून आज ते जायला निघालंय, बाबा." बोलून गेल्यावर तिची तिलाच भीती वाटली. तिने कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. "नाव तुम्हीच लिहा."

त्यांनी नाव लिहिलं.

"आडनाव?"

"तिचं माहेरचं. छापखान्यात तेच लावायची." ईमेलच्या जागी त्यांनी स्वतःचा लिहिला. "तिची पत्रं मीच वाचून दाखवायचो."

नोंदी पुन्हा धावायला लागल्या. 'घाई करता तुम्ही. वेळ वाढवला.' 'हे बटण कुणासाठी? मला दिसत नाही.' 'काल रडत लिहिलंत. दोन चुका. काढल्या.' सासरे तोंडाजवळ मूठ धरून वाचत होते. सून नोंदी वाचत नव्हती. ती कान देऊन डिस्क ऐकत होती, आणि मनातल्या मनात तिची विनवणी करत होती.

"ही शेवटची," सासरे म्हणाले. 'आता जमलं. झोपा.'

पुढच्या थोड्या नोंदी आल्या. मग डिस्कने खर्रकन आवाज केला आणि ती गप्प झाली. सुनेने परत परत प्रयत्न करून पाहिला. काही उपयोग नव्हता.

"पुढचं सगळं गेलं, बाबा. इतक्या वर्षांच्या तुमच्या नोंदी. मंडळींच्या. माझ्यापण."

"तुमच्या गेल्या त्याचं वाईट वाटतं. मंडळींची मी माफी मागेन." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझं काय, मी आपला दरवेळी 'किरकोळ दुरुस्ती' लिहायचो. कोड आहे ना सगळ्यांकडे? बास झालं."

ते उठून लॅपटॉपसमोर आले. दाढीवाल्याने पुन्हा मतदानाचं विचारलं.

"मत नंतर द्या," सासरे म्हणाले. "सूनबाई नवी व्यवस्था पाठवतेय. आधी प्रत्येकाने अख्खी प्रत उतरवून घ्या, इतिहासासकट. उतरली की मला सांगा. मी बसलोय इथे."

पलीकडून एकाने सांगितलं, "आली." मग दुसऱ्याने. सासरे प्रत्येक वेळी मान डोलवत होते.

"काका," दाढीवाला पडद्यावर काहीतरी वाचत हसायला लागला, "ही पापणी कोण हो? तुम्हाला चांगलीच झापते."

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"माझी बायको," ते म्हणाले. "आणि झापते ते बरोबरच आहे."