देश : इतर

धातुविज्ञान विभागाच्या भट्टीतले थर्मोकपल, म्हणजे आतले तापमान मोजणारी तारांची जोडी, जानेवारीत जळाले. नव्याची किंमत चार हजार रुपये होती आणि ते बनवणारा कारखाना विद्यापीठापासून चौदा किलोमीटरवर, रसमड्याला होता. विभागाकडे दुरुस्तीसाठी शिल्लक शून्य होती. त्याच वेळी ‘परिसराचे आंतरराष्ट्रीयीकरण व जागतिक अध्ययन’ या योजनेचे अठरा लाख रुपये विद्यापीठाकडे पडून होते आणि एकतीस मार्चपर्यंत खर्च झाले नाहीत तर ते परत जाणार होते.

पदरचे चार हजार घालण्याचा विचार विभागप्रमुख डॉ. सत्यभामा कटरे यांच्या मनात आला नाही असे नाही. पण खासगी पैशाने आणलेले यंत्र भांडाराच्या नोंदवहीत चढत नाही, आणि न चढलेल्या यंत्राचे आकडे प्रबंधात ग्राह्य धरले जात नाहीत. हा नियम त्यांनी दोन वर्षांपूर्वी स्वतःचा वजनकाटा आणून प्रयोगाने सिद्ध केला होता.

अडले होते गुंजनचे. खुर्सीपार या कामगार वस्तीतली ही मुलगी शहरातल्या पोलाद कारखान्याच्या स्लॅगपासून, म्हणजे धातूच्या मळीपासून, विटा भाजण्यावर एम.टेक. करत होती. रसमड्याच्या एका फाउंड्रीने, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याने, तिला प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली होती. अट एकच होती : पंधरा एप्रिलपर्यंत प्रबंध सादर झाल्याची पावती.

सत्यभामाबाई आंतरराष्ट्रीय कक्षात गेल्या. कक्षाचे संचालक पराग हेडाऊ यांच्या डोक्यामागे पाच शहरांची पाच घड्याळे होती. लंडन आणि टोकियो यांच्या मिनिटकाट्यांत सात मिनिटांचा फरक होता. तो पृथ्वीच्या फिरण्याने पडू शकत नाही, हे बाईंनी मनातल्या मनात नोंदवले. योजनेतून आतापर्यंत ही घड्याळे, चोवीस देशांचे झेंडे आणि सेल्फीसाठी प्लायवूडची एक पृथ्वी, एवढे आले होते.

“मॅडम, थर्मोकपल ग्लोबल नाही होत ना,” पराग म्हणाले. “रसमड्याहून येऊन राहिलं ते.”

“तांबं जपानमध्येही एक हजार पंच्याऐंशी अंशांनाच वितळतं. याहून ग्लोबल काय असतं?”

“ते बरोबर आहे. पण जपानी माणूस पायजे.”

त्यांनी मार्गदर्शक पुस्तिका पुढे सरकवली. बाईंनी ती घरी नेऊन पूर्ण वाचली. विद्यापीठात ती पूर्ण वाचणारी ही पहिलीच व्यक्ती असावी, कारण पाने एकमेकांना चिकटलेली होती.

दुसऱ्या आठवड्यात गुंजन आजोबांना घेऊन प्रयोगशाळेत आली. शेषराव रहांगडाले, वय चौऱ्याहत्तर. मूळ गोंदियाकडचे. त्याच पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये अडतीस वर्षे भट्टीवर.

“मॅडम, आबाजी रंग देखके तापमान बता देते हैं,” गुंजन म्हणाली. “मीटर बंद असलं तरी.”

“काकाजी, हे शिकलात कुठे?”

“रशियन होता ना एक, वसिली. मिल वाढवून राहिले होते तवा आला. सहा महिने त्यानं मले निस्ता रंगच दाखवला. चुकलो का टोपी काढून मारे.” शेषरावांनी खिशातून तळपती भट्टी पाहायचा निळ्या काचेचा तुकडा काढला, भट्टीकडे पाहिले आणि परत ठेवला. “इतक्या थंड्या भट्टीले काच कायले लागते?”

भट्टीत त्या वेळी सातशे अंश तरी असावेत.

सत्यभामाबाईंचा विश्वास बसला नाही, म्हणून त्यांनी चाचणी ठरवली. शुद्ध मीठ आठशे एक अंशांना वितळते, तांबे एक हजार पंच्याऐंशीला. एका मुशीत मीठ, दुसरीत तांब्याची तार, आणि हवेने तांबे बिघडू नये म्हणून वर कोळशाची पूड. शेषरावांनी भट्टीकडे पाठ करून बसायचे, विचारल्यावरच वळायचे आणि मागच्या भोकातून फक्त भट्टीची भिंत पाहायची. मुशी बाई पाहणार. अंदाज मिळू नये म्हणून अधूनमधून उगाचच विचारायचे.

“पोरी, तुही मॅडम माही परीक्षा घेऊन राहिली का माह्या डोळ्याची?”

“दोन्हींची, काकाजी,” बाई म्हणाल्या.

मीठ वितळले तेव्हा शेषराव म्हणाले, “आठशे दहा.” तांबे वितळले तेव्हा, “हजार सत्तर.” एरवी अकरा वेळा विचारले. भट्टी तापत गेली तशी ती उत्तरेही चढतच गेली, एकदाही मागे आली नाहीत. चूक पंधरा अंशांच्या आत होती आणि गुंजनच्या विटांना पंचवीसही चालली असती. विज्ञानाचे समाधान झाले. उरला होता कागद : आजोबांना अंशांकनाचे, म्हणजे मोजमाप अचूक असल्याचे, प्रमाणपत्र नव्हते.

दारात पराग उभे होते. ते झेंडे ठेवायला जागा शोधत आले होते.

“काकाजी, रशियन येते तुमाले?”

“येते ना. स्तोय, म्हणजे थांब. अस्तारोझ्ना, म्हणजे सांभाळून. पेरेकूर, म्हणजे बिडीची सुट्टी.”

परागांच्या चेहऱ्यावरचा बदल पाहून बाईंना पुस्तिकेचे एकेचाळिसावे पान आठवले. ‘परदेशी तज्ज्ञाने भेट दिलेले उपकरण कोणतीही विचारणा न करता भांडारात दाखल करावे.’

“तज्ज्ञ म्हणून नोंदवता येईल यांना?” त्यांनी विचारले.

नोंदणी संगणकावर होती. ‘देश’ या रकान्यातल्या यादीत भारत नव्हता, कारण यादी परदेशी पाहुण्यांची होती. परागांनी सोव्हिएत संघ शोधला. तोही नव्हता. यादीच्या तळाशी ‘इतर’ होते.

“मी खुर्सीपारचा हावो, साहेब. लबाडी नोका करू.”

“काकाजी, इतर म्हणजे यादीत नसलेला देश,” पराग म्हणाले. “खुर्सीपार आहे का यादीत?”

खाली शिफारस करणाऱ्याची सही हवी होती. सत्यभामाबाईंनी आयुष्यात एकाही चुकीच्या आकड्याखाली सही केली नव्हती. त्यांनी विधान पुन्हा वाचले. भारत यादीत नाही, हे सत्य. जे यादीत नाही ते इतर, हेही सत्य. निष्कर्ष तर्काने अचूक होता आणि संपूर्ण खोटा होता. खिडकीशी गुंजन कॅलेंडरचे पान उलटून एप्रिल पाहत होती. बाईंनी सही केली.

अठरा मार्चला चोवीस झेंड्यांखाली ‘जागतिक ज्ञानपरंपरा’ या विषयावर शेषरावांचे व्याख्यान झाले. ते चार मिनिटे चालले. वसिलीची टोपी, भट्टीचे रंग आणि शेवटी, “पेरेकूर!” कुलसचिवांना तो रशियनमधला धन्यवाद वाटला. त्यांनी उभे राहून हात जोडले आणि पूर्ण सभागृह उभे राहिले. पाच हजारांचे मानधन त्याच संध्याकाळी खात्यात जमा झाले. मार्चमध्ये पैसे त्याच दिवशी मिळतात, हा विद्यापीठात दरवर्षी तोच निकाल देणारा एकमेव प्रयोग आहे.

शेषराव सायकलने रसमड्याला गेले आणि चार हजारांचे थर्मोकपल प्रमाणपत्रासह घेऊन आले. भांडारपालाने नोंदवहीत लिहिले : परदेशी तज्ज्ञाची भेट, नग एक.

ते बसवल्यावर आकडा आणि आजोबा यांत चौदा अंशांचा फरक निघाला.

“नवं यंत्र कमी दाखवून राहिलं,” शेषराव म्हणाले.

“आबाजी, उसके पास सर्टिफिकेट है,” गुंजन म्हणाली.

बाईंनी पुन्हा मीठ ठेवले. ते वितळले तेव्हा यंत्र सातशे पंच्याण्णव दाखवत होते आणि शेषराव आठशे नऊ म्हणाले. खरे उत्तर दोघांच्या मधे होते.

“आता मी काय लिहू, मॅडम?”

“दोन्ही आकडे लिही. कोण किती चुकतं तेही लिही. यंत्राची चूक परीक्षक मान्य करतील. आजोबांची परिशिष्टात टाक.”

गुंजनने तेरा एप्रिलला प्रबंध दिला, पावती घेतली आणि एक मेपासून ती फाउंड्रीत रुजू झाली.

जूनमध्ये विद्यापीठाचा वार्षिक अहवाल आला. त्यात ‘परदेशी तज्ज्ञ : शून्यावरून एक, वाढ शंभर टक्के’ असे होते. शून्यावरून होणाऱ्या वाढीची टक्केवारी काढता येत नाही, असे बाईंनी परागांना लेखी कळवले. शेजारच्या पानावर तज्ज्ञांच्या मायदेशांचा नकाशा होता आणि त्यात एकच लाल टिंब होते, आफ्रिकेच्या पश्चिमेला, भर समुद्रात. ‘इतर’चे अक्षांश-रेखांश संगणकाला सापडले नाहीत, म्हणून त्याने दोन्ही शून्य धरले होते. शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जिथे छेदतात तिथे पाणी आहे.

गुंजनने कामावरून आल्यावर तो नकाशा आजोबांना मोबाइलवर मोठा करून दाखवला. शेषरावांनी सवयीने निळी काच डोळ्याला लावली, मग काढली.

“हा मी?”

“हो, आबाजी.”

“अन् इतक्या दूर गेलो, तं मंग मले एस.टी.चं भाडं कावून नाही देल्लं?”