आसवाच्या मोरीचं पाणी

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. रहिमतपूरच्या रस्त्याला आमचा द्राक्षासवाचा कारखाना आणि त्याला लागूनच खाणावळ. आमचे हे वैद्य, यांच्या हातचं औषध गुणाला येई. माणसं लांबून न्यायला येत आणि जेवूनच परतत. रांजण वाढले, पंगती वाढल्या, तसं मागच्या मोरीतून ओढ्यात जाणारं पाणीही वाढलं. मनुकांचा चोथा, आंबलेला गूळ, वर खरकटं. ओढ्याला आंबूस वास मारू लागला.

खालच्या अंगाला बिराप्पा आणि बनाबाई राहत. माणदेशातून मेंढरं घेऊन फिरणारी माणसं, आता कुठं तुकडाभर रान कसून टेकली होती. वाळूत झिरा उकरून त्याचं पाणी पीत. बनाबाई माझ्या सोमवारासाठी बेल आणून देई आणि पायरीशी बसून म्हणे, "आवं वैनी, देवाला किती पाला घालताय! माझ्या शेरडाला घातला असता तर दूध तरी दिलं असतं." मला हसू आवरत नसे.

त्या उन्हाळ्यात मात्र ती हसली नाही. "झिऱ्याला वास येतुया. सुनंला दिस गेल्यात. धनी म्हंत्यात, पाणी सुधारलं न्हाई तर मेंढरं हाकायची. मला न्हाई जायाचं, वैनी. जलम चालण्यात गेला."

जेवायला वाढताना मी ते यांच्या कानावर घातलं. घास हातातच राहिला यांच्या. दुसऱ्याच दिवशी मोरी अडवली आणि उतारावर एकाखाली एक तीन खड्डे घेतले. पहिल्यात गाळ बसायचा, दुसऱ्यात वाळू आणि लोणारी कोळसा, तिसऱ्यात अळू नि कर्दळ. बिराप्पाही कुदळ घेऊन आला. पाणी झिरपून निघालं ते नितळ. बनाबाईनं ओंजळीत घेऊन हुंगलं.

"ऱ्हातो आता आमी," ती म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, "गंगाधर, पाण्याचं काम तडीस गेलं. गावजेवणाचं प्रयोजन नको का घालायला?"

"घालू की. पुरणपोळी करा. बिराप्पाच्या घरचीही जेवतील."

मी हळूच म्हटलं, "खड्डे अजून नवे आहेत. थोडं थांबलं तर?"

"अगं, शुभकार्याला का कुणी थांबतं!" हे म्हणाले.

गाव जेवलं. बिराप्पाच्या माणसांची पंगत मागच्या अंगणात बसली, मीच वाढलं. सुनेला तूप जरा जास्त वाढलं. मग हंडे, पराती, पातेली राखेनं घासली गेली. ते सगळं राखट, तुपकट पाणी एकदम खड्ड्यांत उतरलं. कोळशावर त्याचा थर बसला आणि पाणी मुरेना. आम्ही पाहुण्यांना विडे देत होतो. मागं खड्डे भरून ओढ्यात वाहत आहेत, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी बनाबाई आली ती पायरीशी बसली नाही.

"सुनंचं पोट पडलं."

हे धावत बाहेर आले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बनाबाई, ते पाण्यानंच झालं असं सांगता येत नाही. उन्हाचंही असेल."

"आसंल बी, दादा. तुमी वैद्य हायसा. पर झिऱ्यावर तुपाचा तवंग हाय. तिला म्या काय सांगू?"

हे तसेच मागच्या खड्ड्यांकडं गेले.

मेंढरं निघाली तेव्हा मी रस्त्यापर्यंत गेले. सून डोक्यावर पदर ओढून पुढं चालली होती. बनाबाई थांबली. माझे डोळे पाहून तिनंच मला समजावलं.

"वैनी, जीवाला लावून घिऊ नगा. आमास्नी मानानं जेवायला घातलंत. पोळी लय ग्वाड व्हती."

हे तेव्हा मधल्या खड्ड्यात गुडघ्याएवढ्या चिखलात उभे होते आणि बुजलेला कोळसा पाट्यांनी वर काढत होते. खाणावळीच्या पाण्याला आता वेगळा खड्डा करणार होते. कळप जवळून गेला तसे ते वाकलेलेच राहिले. बिराप्पानं त्यांच्याकडं एकदा पाहिलं, राम राम घालायला हात उचलला आणि मग मेंढरांनाच हाळी दिली.