दादाचं बोलणं आणि दातांची खुर्ची

दादा माडीवर बोलायला लागला की खाली दवाखान्यातले पेशंट वर जायचे. म्हणजे खुर्चीसकट, आणि तेही बटणाला कुणी हात न लावता.

दादा घड्याळं दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात हौशी रेडिओवर बोलायचा. त्यासाठी गच्चीवर लांब तार ताणलेली होती. त्याची धाकटी बहीण चिऊ दूरच्या एका बेटावर हवामान केंद्रात नोकरीला होती. तिथे फोन लागत नसे, पण तिच्याकडेही असाच सेट होता. सकाळच्या चहाच्या सुट्टीत ती सेटवर यायची आणि बहीणभाऊ गप्पा मारायचे. नेमकी तीच दवाखान्याची वेळ. दवाखाना दादाच्या बायकोचा, ती दातांची डॉक्टर.

त्या दिवशी डॉक्टरीणबाई दणदण जिना चढून आल्या.

"अहो, एवढं काय सांगत होतात चिऊला?"

"मांजरीला पिल्लं झाली ते. का गं?"

"किती झाली?"

"पाच."

"तरीच! पाचव्या पिल्लाला बेकरीवाल्यांचं कपाळ दिव्याला टेकलं. तोंड उघडं, आत माझा आरसा, आणि माणूस निघाला छताकडे. उद्या खुर्ची तसूभर जरी हलली ना, तर ती गच्चीवरची तार मी स्वतः उतरवीन."

तार गेली की चिऊचा आवाज गेला.

दादा बोलला की सेटच्या लहरी खुर्चीच्या वायरींत शिरून तिला चढवत होत्या, पण यावरचा उपाय दादाला ठाऊक होता. फेराइट नावाची एक काळी, कपबशीसारखी ठिसूळ वस्तू असते. तिची कडी वायरीवर चढवली की वायरीवरून आगंतुकपणे आलेल्या रेडिओलहरी अडतात, आणि वायरीचं स्वतःचं काम मात्र बिनबोभाट चालू राहतं. दादाकडे अशा कड्यांचा डबाच होता. चिमट्यासारख्या उघडणाऱ्या, बिघडलेल्या संगणकांच्या पडद्यांच्या वायरींवरून काढलेल्या सगळ्या कड्या त्याने आपल्या सेटच्या वायरींवर लावून टाकल्या. सेट बोहल्यावर चढायला निघाल्यासारखा दिसू लागला.

दुपारी दवाखाना बंद झाल्यावर बाई स्वतः खुर्चीत बसल्या. दादा माडीवरून बोलला, "हॅलो, हॅलो, चाचणी."

"वर!" खालून आवाज आला.

"आता? हॅलो, चाचणी."

"अजून वर! अहो, पुरे! पंखा जवळ आला!"

दादा डोकं खाजवत खाली आला. बाई उंचावरूनच म्हणाल्या, "पेशंट म्हणतो सगळेच दात दुखतात, म्हणून मी सगळे उपटते का? एकेकावर टिचकी मारते आणि कळ कुठून येते ते बघते. तुम्ही आधी माझ्या खुर्चीची नाडी बघा."

बोलणं दादाला पटलं. मग एकेक वायर काढायची, माडीवर पळायचं, बोलायचं आणि खाली यायचं, असा खेळ सुरू झाला. दादाला धाप लागली. शेवटी पायाने दाबायच्या पेडलची वायर काढली, आणि दादा कितीही ओरडला तरी खुर्ची ढिम्म.

"सापडला किडका दात!" बाई म्हणाल्या.

आता या वायरीला कडी कुठली घालायची? बाईंनी डब्यातून एक पिवळी, चकचकीत कडी उचलली. "ही छान आहे."

"छान आहे, पण लोखंडाच्या भुकटीची आहे. हिचं काम निराळं. आणि या चिमट्याच्या कड्या अडवतात त्या फार वरच्या लहरी. माझ्या लहरी पडल्या खालच्या पट्टीतल्या, त्या यांना दाद देत नाहीत. शिवाय यांच्यातून वायर एकदाच जाते. जाड कडीतून दोनदा ओवली तर अडवणूक दुप्पट नाही, चौपट होते. तीनदा ओवली तर नऊपट."

"मग ओवा की!"

दादाने एक जाड कडी घेतली, पण पेडलच्या वायरीचा प्लग तिच्या भोकातून जाईना. "प्लग कापू?" त्याने हळूच विचारलं.

"प्लगला हात लावलात तर मी तुमचा सेट कापीन."

त्या प्लगला पुरेल एवढ्या भोकाची, योग्य जातीची कडी घरात एकच होती, आणि ती होती गच्चीवर, तारेच्या तोंडाशी. तारेवरच्या लहरी सेटकडे उतरणाऱ्या केबलवरून उलट घरात येऊ नयेत म्हणून ती तिथे पहारा देत होती. दादा बराच वेळ गच्चीवर उभा राहिला. मग त्याने ती सोडवली, खाली आणली आणि खुर्चीच्या पोटाशी पेडलची वायर तिच्यातून गच्च पाच वेळा ओवली.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाले पुन्हा आले आणि खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. वर दादाने माईकचं बटण दाबलं. "हॅलो, चि... आई गं!"

"दादा, काय झालं?" चिऊने विचारलं.

"काही नाही. माईक चावला."

पहारा उठल्यामुळे लहरी केबलवरून थेट माईकच्या जाळीपर्यंत आल्या होत्या. ओठ टेकला की चटका.

"दादा, आवाज लांबून येतोय. जवळ ये ना."

"येतो गं... आई गं!"

जिन्यात पावलं वाजली. आता तार उतरली, असं म्हणून दादाने डोळे मिटले. "माईक चावल्याचं खालपर्यंत ऐकू आलं," म्हणत डॉक्टरीणबाईंनी खिशातून रबरी हातमोजा काढला, माईकवर चढवला आणि मनगटाशी गाठ मारली. माईकला पाच बोटं फुटली.

"दादा, सर्दी झाली का रे तुला?" चिऊने विचारलं.

"तुझ्या वहिनीने उपचार केलेत," दादा म्हणाला आणि बाईंकडे वळला. "अगं, बेकरीवाले खाली खोळंबले असतील ना?"

बाईंनी स्टूल पुढे ओढलं आणि त्याच्या शेजारी बसल्या. "इंजेक्शन दिलंय, दाढ बधिर होऊ दे. खुर्ची आता कुठे जात नाही. द्या तो माईक इकडे, मलाही चिऊशी बोलायचंय."