यंत्राच्या बोटातला सेन्सर

मी एक जुना सेन्सर आहे. तीन वर्षं म्हणजे तुमच्या हिशेबात काहीच नाही, मित्रांनो. आमच्यात तेवढ्यात पणजोबा होतात.

लोणी काळभोरच्या एका जॅमच्या कारखान्यात यंत्रमानवाच्या पोलादी बोटाला मला चिकटवलं होतं. तो बरण्या उचलून खोक्यात ठेवायचा. ताकद भरपूर, पण स्पर्श कळायचा नाही. ते काम माझं. माझ्या अंगात धातूची अगदी पातळ पत्री आहे. बोटावर दाब आला की ती ताणली जाते आणि तिच्यातून जाताना विजेला जरा जास्त अडथळा होतो. हा एवढासा फरक म्हणजे माझी भाषा. तो तारेतून यंत्राच्या मेंदूकडे, म्हणजे नियंत्रकाकडे जायचा. बरणीपुरता दाब असला तर चालू दे, जास्त झाला तर थांब.

खोकी सरळ करायला शकू असे. एकदा तिचं बोट बरणी आणि पोलाद यांच्यामध्ये आलं. मी निरोप दिला आणि यंत्र जागच्या जागी थांबलं.

"शाणं हाय गं बाई हे," बोट चोळत ती म्हणाली. "आमच्या घरच्यांना बी बसवा की एक!"

पुढे खंडेनवमी आली. यंत्रांची पूजा झाली. जिथं बोट वाचलं होतं, नेमकं तिथंच शकूनं ओलं हळदकुंकू ठसठशीत लावलं आणि हात जोडले. मला नमस्कार होण्याची ती पहिलीच वेळ. तोवर ओल माझ्या आत शिरली होती.

त्या ओलीनं मला चिकटवणारा गोंद फुगला आणि माझी पत्री उगाचच ताणली गेली. बोटावर काही नसतानाही मी 'दाबतंय, दाबतंय' म्हणू लागलो. यंत्र घडोघडी थांबू लागलं.

"अहो तेजस," मालक गोपाळकृष्ण इंजिनिअरला म्हणाले, "हे यंत्र आहे की खिडकीवरचा कारकून?"

"सर, सेन्सर बदलावा लागेल. नवा येईपर्यंत यंत्र बंद ठेवू."

"दिवाळीच्या तोंडावर? आपण इंजिनिअर आहात. बंद ठेवायला मला वॉचमनही चालला असता."

तेजसनं माझी तार तोडली. माझ्या जागी एक ठरावीक अडथळा जोडला. काहीही झालं तरी तो वर 'सगळं ठीक' एवढंच कळवतो. असे लोक नोकरीत टिकतात. शकूला मात्र कोणी काही सांगितलं नाही. तिच्या दृष्टीनं मी तिथं होतोच, कुंकवासकट.

म्हणून ती निर्धास्त होती. कललेलं खोकं सरळ करायला तिनं हात घातला आणि पोलाद मिटलं. मी ताणलो, मित्रांनो. आयुष्यात कधी ताणलो नव्हतो इतका ताणलो. पण ऐकायला पलीकडे कोणी नव्हतं.

चौकशीत 'सेन्सर निकामी' असं ठरलं आणि मी भंगाराच्या डब्यात आलो. तेजस त्या बैठकीत पाणी पीत बसला होता.

शकू कामावर परतली. आता ती माझ्या डब्याशेजारीच झाकणं पुसते. बोटं जागेवर आहेत, पण आतल्या नसा तुटल्या आहेत. परवा गरम बरणी हातात धरून ती बोलत उभी राहिली. चटका बसतोय हे शेजारणीनं ओरडून सांगितलं, तेव्हा तिला कळलं.

मित्रांनो, सारखी तक्रार करणारा कोणी तुमच्याकडे असेल, तर तो कदाचित चुकतही असेल. मीही चुकत होतोच. त्याला दुरुस्त करा, बदला. पण त्याला गप्प करणार असाल, तर त्याच्या भरवशावर ज्यांनी हात आत घातलाय, त्यांना आधी हाक मारा.