नऊनंतरचा दहा

अशी कल्पना कर, की तू एक डबा भरला आहेस. आत सँडविच आहे, सफरचंद आहे, पाण्याची बाटली आहे. पण हा डबा तू खाणार नाहीस. ज्याला तो मिळेल तो माणूस तुला ओळखत नाही. त्याच्या घरी सुरी आहे की नाही, हे तुला ठाऊक नाही. आणि तो डबा उघडेल तेव्हा ‘थांबा, झाकण उलटं फिरवा’ असं सांगायला तू तिथे नसशील. मग डब्यात आणखी काय काय ठेवशील? घाई करू नकोस, नीट विचार कर.

झाला विचार? आता टॅम्सिनची गोष्ट ऐक. तिने असाच एक डबा भरला होता.

टॅम्सिन अकरा वर्षांची, कॉकल पॉइंटची. होबार्ट या जगाच्या दक्षिण टोकाकडच्या शहरातून आणखी दक्षिणेला गाडीने निघालं की शेवटी रस्ता संपतो, तिथलं हे गाव. गावासमोर समुद्रात हंप नावाचं बुटकं बेट आहे. ओहोटी आली की गाव आणि हंप यांच्यामधली वाळूची वाट उघडी पडते आणि पायी जाता येतं. भरती आली की वाट पाण्याखाली जाते आणि मग पलीकडे अडकलेला माणूस पुढची ओहोटी येईपर्यंत गवतावर बसून राहतो. दर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी शाळेतली सगळी मुलं आणि अर्धं गाव हंपवर चालत जातं, तिथे सॉसेज भाजतं आणि परत येतं. रांगेच्या पुढे एक मूल झेंडा घेऊन चालतं. पहिलं सॉसेज त्याचं.

टॅम्सिनचे आजोबा, म्हणजे पॉप, पूर्वी हवामान खात्यात होते. तिथे त्यांनी आयुष्यभर पर्लमध्ये काम केलं. पर्ल ही कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा. हिवाळ्यात, समुद्रावर जाता येत नव्हतं तेव्हा, पॉपनी टॅम्सिनला ती शिकवली आणि दोघांनी मिळून एक छोटं गणित लिहून काढलं. त्याला तारीख दिली की ते सांगायचं, आज वाळूची वाट किती वाजता उघडेल आणि किती वाजता बुडेल. असं एखादं काम करणारं, दुसऱ्यालाही वापरता येणारं गणित म्हणजे मॉड्यूल.

“आता हे जगाला देऊ या,” पॉप म्हणाले, आणि टॅम्सिनला वाटलं होतं तितकं ते सोपं निघालं नाही.

पर्लवाल्यांचं एक मोठं सामाईक कोठार आहे. त्याला सीपॅन म्हणतात. कोणीही तिथे आपलं मॉड्यूल ठेवावं, कोणीही फुकट न्यावं. पण ठेवायचं तर नीट बांधून. आधी नावावरून वाद झाला. टॅम्सिनला स्वतःचं नाव हवं होतं. पॉप म्हणाले की भरती-ओहोटी शोधणारा माणूस ‘टॅम्सिन’ असं कशाला शोधेल? मग गठ्ठ्यात काय असावं याचा वाद. वापरायचं कसं ते लिहिलेलं हवं. कोण वापरू शकतो, बदलू शकतो, ते लिहिलेलं हवं. आणखी कुठली मॉड्यूलं आधी लागतात तेही. आणि तपासण्या हव्यात, म्हणजे गठ्ठा उघडल्या उघडल्या त्या माणसाचं मशीन स्वतःच पडताळून बघेल की सगळं धड आलं ना. एवढं सगळं करूनही पहिल्या गठ्ठ्यात टॅम्सिन ओहोटीचे आकडे असलेली फाइलच घालायला विसरली. घरी चाललं, कारण घरी ती फाइल होतीच. फिनलंडमधल्या कोणा हौशी माणसाचं मशीन नवीन आलेला प्रत्येक गठ्ठा आपणहून तपासतं. त्याने कळवलं, नापास.

“डबा पाठवलास, जेवण पाठवलं नाहीस,” नॅन म्हणजे आजी म्हणाली, आणि पुढे आठवडाभर हाच विनोद करत राहिली.

टॅम्सिनने दुरुस्ती केली. प्रत्येक नव्या गठ्ठ्याला नवा आकडा द्यायचा असतो, कारण कोठार एकाच नावाचा आणि हुबेहूब तोच आकडा लिहिलेला गठ्ठा दोनदा घेत नाही. जुना काढून टाकला तरी नाही. तिने शून्य पॉइंट एकपासून सुरुवात केली होती. दोन, तीन, चार करत करत सप्टेंबरमध्ये शून्य पॉइंट नऊ झालं. तोवर बंदरावरच्या डॉटच्या दुकानातल्या पडद्यावर टॅम्सिनची वेळ दिसायला लागली होती आणि न्यूझीलंडमधल्या ब्लफ गावाहून कोणा शिंपलेवाल्याने लिहिलं होतं की त्याने तिच्या गणितात आपल्या किनाऱ्याचे आकडे घातले आणि त्याचे पाय आता कोरडे राहतात.

हे ऐकून शाळेतल्या पेनिकॉटबाईंनी जाहीर केलं की यंदा सगळे टॅम्सिनच्या वेळेप्रमाणे निघतील आणि झेंडाही तिच्याच हातात असेल.

ब्रॉडीला हे मुळीच आवडलं नाही. ब्रॉडी सहावीतला, मासेमाऱ्यांच्या घरचा, आणि खरं तर यंदा झेंडा धरायची पाळी त्याची होती. गुरुवारी तो मधल्या सुट्टीत काकाचा छापील तक्ता घेऊन आला.

“रविवारी तुझी वाट कधी उघडते गं?”

“साडेनऊ.”

“आमची साडेदहाला. तुझी वेगळी वाट आहे का? आम्हालाही दाखव की.”

टॅम्सिनने घरी जाऊन पाहिलं आणि तिचे कान तापले. तिकडे ऑक्टोबरमध्ये उन्हाळा जवळ येतो, आणि नेमक्या त्याच रविवारी, दरवर्षीसारखी, सगळी घड्याळं उन्हाळ्यापुरती एक तास पुढे करायची होती. गणित हिवाळ्यात लिहिलेलं, त्याला हे माहीतच नव्हतं. त्याच्या भरवशावर गाव निघालं असतं तर एक तास आधीच, कमरेएवढ्या पाण्यात. तिने तो तास मिळवला. ऑक्टोबरमधली एक तारीख घालून नवी तपासणीही लिहिली, म्हणजे ही चूक परत शिरायला नको. नऊनंतर दहा, म्हणून आकडा दिला शून्य पॉइंट दहा. गठ्ठा कोठारात गेला. टॅम्सिन आनंदात झोपली.

शुक्रवारी पेनिकॉटबाईंनी तिला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, शनिवारी दुकान बंद होईपर्यंत डॉटच्या पडद्यावर बरोबर वेळ आली तर ठीक, नाहीतर तक्त्याप्रमाणे निघू आणि झेंडा ब्रॉडी धरेल.

शाळा सुटताच टॅम्सिन दुकानात पळाली. डॉटने चष्मा चढवला आणि मशीनला विचारलं, नवीन काही आलंय का?

“नाही म्हणतंय,” डॉट म्हणाली. “म्हणतंय, माझ्याकडे आहे तेच सगळ्यात नवं. शून्य पॉइंट नऊ.”

“पण मी काल दहा पाठवलं.”

“मला काय सांगतेस राणी, त्याला सांग.”

त्यांनी पुन्हा विचारलं. मशीन बंद करून, चालू करून विचारलं. डॉटने त्याला एक चापट मारूनही विचारलं. उत्तर तेच. पडद्यावर रविवारच्या पुढे साडेनऊच.

टॅम्सिन घरी आली आणि तिने पॉपना गाठलं. तिचं म्हणणं सरळ होतं. नवी फाइल तिच्याकडे आहेच, ती पेनड्राइव्हवर घालून डॉटच्या मशीनमध्ये टाकली की काम झालं.

पॉप टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. त्यांनी हातातली गाठ पूर्ण केली आणि विचारलं, “आणि ब्लफचा तो माणूस? त्याच्याकडे पेनड्राइव्ह घेऊन पोहत जाणार आहेस? त्याच्याकडेही घड्याळं पुढे गेलीत.”

 त्या माणसाचा टॅम्सिनला विसरच पडला होता.

मग तिने आणखी एक गठ्ठा पाठवला, शून्य पॉइंट अकरा. शनिवारी सकाळी डॉटच्या मशीनने त्याच्याकडेही ढुंकून पाहिलं नाही. तेव्हा मात्र तिला रडू आलं. पॉपनी तिला किटलीजवळ बसवलं आणि एवढंच सांगितलं की कोठाराला तारखा कळत नाहीत, ते फक्त आकडा बघतं. मोठा आकडा नवा, छोटा आकडा जुना.

“पण माझा मोठाच आहे,” टॅम्सिन म्हणाली, आणि टोस्ट तसाच ठेवून बाहेर निघून गेली.

नॅनने पॉपकडे असं पाहिलं की त्यांनी चहा खाली ठेवला. “तुला माहितीये,” ती म्हणाली. “पोरगी उपाशी फिरतेय आणि तू मिशीत हसतोयस. सांगून टाक ना तिला.”

पॉप म्हणाले की दुपारचं जेवण होईपर्यंत तिला नाही सापडलं तर सांगेन, झेंडा काही जाऊ देणार नाही. पण चांगली चूक आहे. ही आपली आपल्याला सापडली तर जन्मभर पुरते. त्यांच्या खात्यात भल्याभल्यांनी केली होती. असं म्हणून ते उठले आणि खिडकीतून धक्क्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनाच चहा प्यावासा वाटेना.

धक्क्यावर ब्रॉडी स्क्विड, म्हणजे माकूल, पकडायला गळ टाकून बसला होता. टॅम्सिन त्याच्यापासून जरा लांब बसली, पण फार लांब नाही, कारण सावली तेवढीच होती.

“मशीन ऐकत नाही म्हणे,” ब्रॉडी म्हणाला.

“डॉटने सांगितलं?”

“डॉटने सगळ्यांना सांगितलं.”

पाणी ओसरत होतं. धक्क्याच्या खांबाला पाण्याची उंची दाखवणारी पांढरी पट्टी ठोकलेली आहे, त्यावर काळे आकडे. मुलं तिथे नेहमी पैज लावतात, आता पाणी कुठल्या आकड्यावर येईल. सवयीने टॅम्सिनही बघायला लागली. पाणी एक पॉइंट एकवर होतं. मग एक पॉइंट शून्यवर आलं. मग त्याखालचा शून्य पॉइंट नऊ ओला ओला वर आला.

तिने पट्टीवरचे आकडे पुन्हा खालून वर वाचले. नऊच्या वर एक पॉइंट शून्य. नऊच्या वर दहा कुठेच नव्हता.

“ब्रॉडी,” तिने विचारलं, “शून्य पॉइंट दहा कुठे असेल रे?”

ब्रॉडीने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “शून्य पॉइंट दहा म्हणजे शून्य पॉइंट एकच की. खाली, चिखलात. चौथीत होतीस ना तू दशांशाच्या वेळी?”

टॅम्सिन उठून उभी राहिली. दहाही चिखलात, अकराही चिखलातच, जेमतेम बोटभर वर. लिहिलेला आकडा वेगळा म्हणून कोठाराने गठ्ठे ठेवून घेतले, पण त्याच्या दृष्टीने तिने नव्या भाकरीच्या नावाखाली दोनदा सगळ्यात शिळी भाकरी पाठवली होती आणि डॉटच्या मशीनने ती घेतली नाही, यात मशीनचं काय चुकलं?

ती धावत घरी पोचली तेव्हा पॉप दारातच होते. त्यांनी काही विचारलं नाही, खुर्ची ओढून दिली.

“एक पॉइंट शून्य करू?” तिने विचारलं.

“एक म्हणजे आता यात चूक उरली नाही असं सांगण्यासारखं. तसं वाटतं तुला?”

टॅम्सिनला दोन दिवसांपूर्वी वाटलं असतं. तिने विचार केला आणि लिहिलं, शून्य पॉइंट नऊ एक. नऊच्या किंचित वर. आत बाकी काहीही बदललं नाही. तपासण्या चालवल्या, गठ्ठा बांधला, पाठवला. मग वाट बघणं आलं, कारण कोठारातली नोंद बदलून सगळीकडे पोचायला आपला आपला वेळ लागतो, तिथे कोणाचं काही चालत नाही. नॅनने तिला तेवढ्यात दोन टोस्ट खायला लावले.

चारच्या सुमारास डॉटच्या दुकानात बरीच गर्दी होती, आणि विकत कोणीच काही घेत नव्हतं. पेनिकॉटबाई दुधाच्या फ्रिजपाशी उभ्या होत्या. ब्रॉडी स्क्विडची बादली घेऊन आला होता आणि डॉट त्याला ती बाहेर ठेव म्हणून सांगत होती. मग तिने चष्मा चढवला आणि मशीनला विचारलं. मशीनवर ओळी सरकायला लागल्या. तपासणी, तपासणी, तपासणी, सगळ्या पास. पडदा क्षणभर काळा झाला आणि रविवारच्या पुढे साडेदहा आलं.

“हं,” डॉट म्हणाली. “माझी चापट वायाच गेली म्हणायची.”

पेनिकॉटबाईंनी टॅम्सिनच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की झेंडा त्यांच्या गाडीत आहे, सकाळी घेऊन येतील.

रविवारी सगळे वाळूवर जमले. साडेदहाला थोडा अवकाश होता. हंपकडे जाणारी वाट नीट दिसत होती, पण तिच्या मध्यावर अजून पाण्याचा एक चकचकीत पट्टा होता. मागे सॉसेजच्या पेट्या उचलून धरलेल्या माणसांचे हात दुखायला लागले होते आणि कोणीतरी मोठ्याने विचारलं, झालं का गं तुझ्या गणिताचं? टॅम्सिनने त्या पट्ट्याकडे पाहिलं, मग पॉपकडे पाहिलं. पॉप हंपकडे बघत होते, जणू त्यांना काही ऐकूच आलं नाही.

टॅम्सिनने घड्याळ पाहिलं. बूट काढले, लेसना लेस बांधून गळ्यात अडकवले. ब्रॉडीला म्हणाली की झेंड्याची काठी जड आहे, मागचं टोक तू धर. आणि पट्टा बारीक होऊन मधोमध तुटला, तेव्हा तिने थंडगार वाळूवर पाय टाकला आणि चालायला लागली.