स्टाथिस गाडी हळू चालवतो

रियोचा लांबलचक पूल ओलांडताना स्टाथिसनं गाडीचा वेग कमी केला, बायकोच्या बाजूची काच खाली केली आणि म्हणाला, "बघून घे समुद्र. आपल्याला कसली घाई आहे?"

गारिफालियानं समुद्राकडे न बघता नवऱ्याकडे बघितलं. हा माणूस सगळा जन्म लांब पल्ल्याची बस हाकत होता. कार्दित्साहून निघालेली त्याची बस अथेन्सला वेळेच्या आधी पोचायची, आणि प्रवासी उतरल्या उतरल्या छातीवर क्रूस काढून देवाचे आभार मानायचे. घरची गाडीही तो तशीच चालवायचा. मुलगी एवान्थिया लहान असताना तिला वाटेत लघवीला थांबायचं असलं, तरी आधी आईमार्फत अर्ज करावा लागे. आणि आता हाच म्हणत होता, घाई नाही. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथे.

तसा हा सगळा बेतच विचित्र होता. निवृत्त झाल्यापासून कॉफीच्या दुकानातल्या खुर्चीवरून न हललेला हा गृहस्थ एका सकाळी उठून म्हणाला, "मोनेमव्हासिया बघायचं होतं ना तुला? चल. रमतगमत जाऊ, सगळा पेलोपोनीस बघत." समुद्रातल्या खडकावरच्या त्या जुन्या गावाचं तिनं त्याला सांगितलं होतं लग्नाच्या वर्षी. त्यावर तेव्हा तो म्हणाला होता, "दगडांवर दगड, त्यात काय बघायचं?" ते त्याच्या इतकी वर्षं लक्षात होतं, हेच मुळी घाबरण्यासारखं होतं.

प्रवास मग खरोखरच रमतगमत चालला. डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या आणि स्टाथिस, ज्यानं आयुष्यात कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं, बाजूला होऊन हात करायचा, जा बाबा, जा. रस्त्याच्या कडेला अपघातात गेलेल्यांच्या आठवणीला उभी केलेली पत्र्याची छोटी देवळं दिसली की पूर्वी तो एक हात चाकावरून काढून घाईघाईनं क्रूस काढायचा. आता गाडी थांबवून उतरायचा, आतल्या विझलेल्या दिव्यात तेल घालून तो पेटवायचा आणि बराच वेळ तिथेच पाठमोरा उभा राहायचा.

"कुणासाठी रे एवढं?" तिनं एकदा विचारलं.

"असंच. ड्रायव्हर होते बिचारे," तो म्हणाला आणि खोकला.

तो खोकला तिच्या कानात राहिला. गेल्या महिन्यात दोघं मिळूनच डॉक्टरकडे गेली होती. तिच्या पोटात आग पडायची, आणि त्याला हा खोकला. दोघांच्या तपासण्या झाल्या. डॉक्टर तिला म्हणाले, पोटात जरा सूज आहे, गोळ्या घ्या. त्याला म्हणाले, सिगारेट सोड. दोघं खाली रस्त्यावर आली, तेवढ्यात स्टाथिस म्हणाला, "टोपी विसरलो वर," आणि जिना चढून परत गेला. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. जिना चढून दमला असेल, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

आता एकेक आठवून ती जुळवत बसली. वर जाऊन त्यानं डॉक्टरला खोदून खोदून विचारलं असणार. स्टाथिस खनपटीला बसला की त्याच्यापुढे कोण टिकतं? छातीतच काहीतरी निघालं असणार. आणि हा मूर्ख माणूस ते एकटाच पोटात ठेवून तिला गावं दाखवत फिरतोय.

दिमित्सानाला मुक्काम होता तेव्हा तिची खात्रीच पटली. संध्याकाळी चौकातल्या चिनाराखाली ताव्लीचा पट मांडला. फासे टाकण्यात आणि सोंगट्या मारण्यात स्टाथिसनं पोटच्या पोरीलाही कधी दया दाखवली नव्हती. एवान्थिया रडत झोपायला जायची. त्या संध्याकाळी गारिफालिया जिंकली. परत मांडला, परत जिंकली. तिची एकटी सोंगटी उघडी पडली होती, त्याला पडलेल्या फाशांनी ती सहज मारता येत होती, आणि त्यानं भलतीच सोंगटी हलवली.

"दिसलं नाही का तुला?"

"म्हातारा झालो," तो हसला. "तुझं नशीब जोरावर आहे, लित्सा."

लित्सा! एवान्थियाच्या जन्मानंतर त्यानं तिला या लाडाच्या नावानं हाक मारली नव्हती. हा खेळ तिनं आधी पाहिला होता. तिची सासू पोलिक्सेनी आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी, गावाकडे करतात तसं, आजाऱ्याला अवाक्षर न सांगता थोरल्या मुलाला बाजूला घेतलं होतं. मग मुलगे, सुना, शेजारीपाजारी, अगदी पाद्रीसुद्धा, सगळ्यांनी मिळून म्हातारीला सांगितलं, अल्सर आहे. तिला हवं ते खायला घातलं, तिच्या हट्टासाठी तिनोस बेटावरच्या देवमातेच्या दर्शनाला नेऊन आणलं, आणि रोज संध्याकाळी पत्त्यांत जिंकू दिलं. सगळ्यांत सराईत खोटं बोलायची ती गारिफालियाच. एके दिवशी म्हातारीनं जिंकलेला डाव टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही सगळे फार गोड झालात गं." त्यावर गारिफालियानं खो खो हसून दाखवलं होतं.

त्यानंतर तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. घास घशाखाली उतरेना. ताटातलं कोकराचं मटण ती त्याच्या ताटात सरकवायची, आणि तो परत तिच्या. "खा गं," म्हणायचा, "अशी पाखरासारखी टिपू नकोस." त्याच्या सिगारेटी तिनं लपवल्या, तर त्यानं भांडण केलं नाही. त्यानं एकदा तरी आरडाओरडा करावा म्हणून ती आतून तडफडत होती. रोज एवान्थियाचा फोन यायचा आणि तो फोन घेऊन लांब जायचा. मिस्त्रासला ती पाय न वाजवता त्याच्या मागे गेली. तो पडक्या भिंतीकडे तोंड करून बोलत होता, "नाही. तिला काही कळलेलं नाही. रडू नको, बाळा."

म्हणजे पोरीलाही माहीत होतं! तिच्या मनात सारखं एकच घोळू लागलं: याच्याशिवाय मी राहू कशी? त्या घरात, त्या रिकाम्या खुर्चीसमोर?

गिथिओच्या बंदरावर पोचल्यावर मात्र तिला सहन होईना. स्टाथिस तिला एका टेबलाशी बसवून मिठाई आणायला गेला. दोरीवर वाळत घातलेले ऑक्टोपस वाऱ्यावर हलत होते. तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, मी त्याची बायको आहे. मला कळलंच पाहिजे. स्टाथिसला काय झालंय?"

"स्टाथिसला?" डॉक्टर बुचकळ्यात पडले. "अहो गारिफालियाबाई, बैल आहे बैल तो! छातीचा फोटो एकदम स्वच्छ आलाय. सिगारेट सोडली तर तुम्हाआम्हाला सगळ्यांना पोचवून येईल."

"शपथ घ्या."

"माझ्या मुलांची शपथ."

तिला इतकं हायसं वाटलं की तिनं फोनचाच मुका घेतला. पलीकडे डॉक्टरांनी घसा साफ केला. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही कशा आहात? जेवण जातंय ना? मनाला येईल ते खा हं. गोडधोड, काहीही. फिरा, मजा करा."

फोन ठेवून तिनं वेटरला हाक मारली आणि भर दुपारी बडीशेपेची ऊझो दारू मागवली. बैल आहे, बैल! उगाच आपल्या जिवाला घोर लावून घेतला. ती समुद्राकडे बघून एकटीच हसली, छातीवर क्रूस काढला, ग्लास ओठांशी नेला. आणि तिथेच थांबली.

गोडधोड खा? याच डॉक्टरनं मधुमेहापायी वर्षानुवर्षं तिच्या तोंडची साखर तोडली होती. नाताळच्या एका बिस्किटावरून तिची हजेरी घेतली होती.

मग बाकीचं आपोआप आलं, एकामागून एक. डॉक्टर आजाऱ्याला कधी सांगतच नाहीत. स्टाथिसला काही झालं असतं तर त्यांनी तिला बाजूला घेतलं असतं. टोपीचं निमित्त करून तीच जिना चढून वर गेली असती. इतक्या वर्षांत, इतक्या घरांत पाहिलेली ही रीत तिला पाठ होती, आणि तिनं ती नेमकी उलटी वाचली होती. तिनं ग्लास खाली ठेवला. पोटातली आग तिथेच होती, रोजच्या जागी.

स्टाथिस खोका घेऊन आला. आत पाकात भिजलेलं गालाक्तोबुरेको, तिच्या आवडीचं, चांगला मोठा तुकडा. त्यानं तो तिच्यापुढे सरकवला. तिनं सगळा खाल्ला. त्याच्या डोळ्यांकडे बघून तिला दुसरं काही करवेना.

ती परत गाडीत बसली. मोनेमव्हासियाचा रस्ता ऑलिव्हच्या बागांमधून जात होता आणि स्टाथिस प्रेतयात्रेच्या चालीनं गाडी चालवत होता. मागून एक ट्रॅक्टर पुढे निघून गेला.

"स्टाथी," ती म्हणाली, "त्या दिवशी डॉक्टरकडे टोपी विसरला होतास ना तू?"

"हं."

"टोपी तुझ्या डोक्यावर होती."

चाकावरची त्याची बोटं पांढरी पडली.

"काय म्हणाले?"

"कुठे काय. अल्सर आहे म्हणाले. एवढासा."

"तुझ्या आईलाही अल्सरच होता."

स्टाथिसनं गाडी बागेच्या कडेला घेतली, बंद केली, आणि कपाळ चाकावर टेकवून लहान मुलासारखा रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला भीती वाटत होती. पण या सगळ्या गावांमधून ती ज्या भीतीसोबत आली होती, ती ही नव्हती. बैल शाबूत होता.

"ऑपरेशन करता येईल का, ते परत गेल्यावर बघणार आहेत," तो नाक पुसत म्हणाला. "नक्की काही सांगत नाहीत. मला वाटलं, तोवर तू निदान सुखात..."

"सुखात? मेले मी काळजीनं! तू चाललास असं समजून रोज तुझ्या मयताची जेवणं रांधत होते मनात."

त्याला रडता रडता हसू आलं. "मी?"

"तूच. आणि आता ऐक. आज संध्याकाळी ताव्लीत माझी सोंगटी उघडी दिसली आणि तू मारली नाहीस, तर पट समुद्रात फेकून देईन. मला लित्सा म्हणायचं नाही. आणि गाडी नीट चालव."

"नीट म्हणजे?"

"तुझ्यासारखी."

त्यानं तिच्याकडे बघितलं, डोळे पुसले, गाडी सुरू केली. थोड्याच वेळात त्यानं मघाच्या ट्रॅक्टरला गाठलं, भोंगा वाजवला आणि समोरून येणाऱ्या ट्रकच्या नाकासमोरून गाडी पुढे काढली. गारिफालियानं दोन्ही हातांनी दरवाजा धरला.

"हळू, मेल्या!" ती ओरडली. "मारतोस का मला?"

आजवर शेकडो वेळा ती हेच ओरडली होती. या वेळी मात्र शब्द गाडीत तसेच राहिले. दोघांनीही ते ऐकले.

"बडबड करू नकोस," स्टाथिस घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मला रस्ता दिसत नाही."

"दिसेल कसा? डोळे पूस आधी."

त्यानं बाहीनं डोळे पुसले. वेग कमी केला नाही.